‘सुटला’, ‘निर्दोष सुटला’ आणि ‘पुराव्याअभावी’

कराडच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या भावकीतला माणूस खुनाच्या केसमध्ये जन्मठेप भोगत होता. उच्च न्यायालयात अपील चाललं आणि तो घरी आला. पेपरात छापून आलं, ‘पुराव्याअभावी निर्दोष मुक्तता’. वकील म्हणाले, ‘संशयाचा फायदा मिळाला’. गाव म्हणतं, ‘सुटला’. यातलं बरोबर कोणतं, आणि ज्यांनी त्याला अडकवलं त्यांच्यासाठी मराठीत काही शब्द आहे का, असं त्या विचारतात. शिवाय एका अर्जात ही हकीकत लिहायची आहे, ती कोणत्या शब्दांत लिहावी?

‘सुटला’ चूक नाही, पण त्यातून कळत काहीच नाही. जामिनावर आलेला सुटतो, पूर्ण शिक्षा भोगून आलेलाही सुटतो, आणि ज्याने काही केलंच नव्हतं तोही सुटतो. आपल्या सातारा-सांगलीकडे तर ‘सुटला की लेका!’ म्हणताना ‘नशीब बलवत्तर’ असा सूर असतो. म्हणजे केलं असेल, पण वाचला. (जाता जाता, ‘तीनशेदोन लागलं’ हेही असंच रुळलेलं. १ जुलै २०२४ पासून खुनाच्या शिक्षेचं कलम भारतीय न्याय संहितेत १०३ आहे, पण पारावर अजून कुणी ‘एकशेतीन लागलं’ म्हणताना ऐकलं नाही.)

‘निर्दोष मुक्तता’ व्याकरणाने बघितली तर गमतीची आहे. ‘निर्दोष’ हे विशेषण मुक्ततेला चिकटतं, जणू मुक्ततेतच काही खोट नव्हती. अर्थ अर्थातच ‘निर्दोष म्हणून मुक्तता’. कायदेशीर मराठीत यालाच ‘दोषमुक्ती’ म्हणतात. पण वर्तमानपत्रं ‘दोषमुक्तीचा अर्ज’ लिहितात तेव्हा खटला उभा राहण्याआधीच आरोपीला वगळण्याचा अर्ज त्यांना म्हणायचा असतो. दोन टप्पे, एक शब्द. म्हणून सामान्य लिखाणात मी ‘निर्दोष मुक्तता’च पसंत करतो. न्यायालय कुणाला ‘निर्दोष’ म्हणत नाही, फक्त ‘गुन्हा सिद्ध झाला नाही’ म्हणतं, असा आक्षेप नेहमी येतो. तो मला पटत नाही. गुन्हा सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोषच धरायचा असतो आणि सुटकेच्या निकालाने ते गृहीतक आणखी पक्कं होतं.

‘सन्मानपूर्वक मुक्तता’ किंवा ‘बाइज्जत बरी’ मात्र कायद्याच्या पुस्तकात नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये हे स्पष्ट म्हटलं आहे की हा शब्दप्रयोग फौजदारी प्रक्रिया संहितेत किंवा दंड संहितेत नाही, तो निकालांतून आलेला आहे. तरी नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत त्याला वजन असतं. घराघरातून फौजेत आणि पोलीस भरतीत पोरं जाणाऱ्या आपल्या भागात हा फरक कोरडा शब्दच्छल राहत नाही. ‘संशयाचा फायदा’ इथेच नडतो. मुळात त्याचा अर्थ एवढाच की शंका उरली तर तिचा कौल आरोपीच्या बाजूने द्यायचा. पण मराठीत फायदा म्हटलं की व्यापारच आठवतो, आणि वर्षानुवर्षं आत काढून आलेला माणूस काहीतरी कमावून आल्यासारखा वाटतो.

माझा खरा राग आहे तो ‘पुराव्याअभावी’वर. पाऊस न झाल्यासारखा तो शब्द आहे: पुरावा नव्हता, कुणाचा दोष नाही. नाशिक जिल्ह्यातलं २००३ सालचं एक हत्याकांड घ्या. भटक्या जमातीतल्या सहा जणांना सत्र न्यायालयाने २००६ मध्ये फाशी सुनावली. २००७ मध्ये उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवली आणि तिघांना जन्मठेप दिली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशीची शिक्षा सुनावली आणि मार्च २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने सहाही जणांची निर्दोष मुक्तता केली. मधली सोळा वर्षं गेली. त्यातला एक घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. इथे पुराव्याचा अभाव नव्हताच! वाचलेल्या प्रत्यक्षदर्शी बाईने पोलिसांकडच्या फोटोंतून वेगळेच चौघे ओळखले होते आणि त्या चौघांचा तपासच झाला नाही. पुरावा होता, तो दुसरीकडे बोट दाखवत होता. अशा बातमीवर ‘पुराव्याअभावी’ लिहिणं म्हणजे तपासणाऱ्याला झाकणं. पुरावा अपुरा होता, अविश्वसनीय होता, दडवला होता की बनावट होता, हे निकालात लिहिलेलं असतं. ते बघून लिहावं.

तसंच ‘फाशी रद्द’चं. जन्मठेप झाली तरी फाशी रद्दच होते. शिक्षा रद्द होणं वेगळं आणि दोषसिद्धी रद्द होणं वेगळं.

आता अडकवणाऱ्यांसाठी शब्द. क्रियापद आहे आणि ते झकास आहे: ‘गोवणे’. पण आपण ते कर्त्याशिवाय वापरतो, ‘त्याला गोवलं’. कुणी? वाक्य गप्प. आरोपीला शिक्षा ‘ठोठावली’ जाते, तपास अधिकाऱ्यांवर मात्र नुसते ‘ताशेरे ओढले’ जातात. नाशिक प्रकरणातल्या २०१९ च्या निकालात प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यांवर खात्यांतर्गत कारवाई असे दोन्ही आदेश होते. त्याआधी जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना सांगितलं होतं की खटला आरोपीच्या सुटकेत संपला की तो का फसला हे वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या समितीने तपासावं आणि चूक कुणाची ते ठरवून कारवाई करावी. फाशीच्या गुन्ह्यात कुणाला दोषी ठरवण्यासाठी खोटा पुरावा रचणाऱ्याला न्याय संहितेच्या कलम २३० खाली जन्मठेपही होऊ शकते. कलम कडक आहे, पण ते कुणाला लागल्याची बातमी पारावर येत नाही. निराधार अटक करायला लावणाऱ्याकडून दंडाधिकारी देववू शकतात ती भरपाई जास्तीत जास्त १,००० रुपये. विधी आयोगाने २०१८ च्या २७७व्या अहवालात चुकीच्या खटल्यात अडकलेल्यांच्या भरपाईसाठी स्वतंत्र तरतूद सुचवली होती, पण नव्या संहितांत ती आली नाही. ‘उत्तरदायित्व’ हा शब्द मला या कामाला फार गुळगुळीत वाटतो. ‘जाब विचारणे’ घ्या. त्यात कुणाला विचारायचा ते सांगावंच लागतं.

भाषाही माणसं गोवते, हे राहिलंच. रामशास्त्री प्रभुणे साताऱ्याजवळच्या माहुलीचे. नारायणराव पेशव्यांच्या १७७३ च्या खुनाबद्दल त्यांनी राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगितलं असं आपण अभिमानाने सांगतो. त्याच प्रकरणातल्या ‘ध चा मा’चा भक्कम पुरावा नाही, ती आख्यायिकाच. तरी आनंदीबाई म्हणीत कायमच्या दोषी. म्हणीविरुद्ध अपील कुठे करणार?

ताई, अर्जात ‘सुटका’, ‘पुराव्याअभावी’, ‘संशयाचा फायदा’ यातलं काही लिहू नका. निकालाच्या शेवटच्या परिच्छेदात तसा आदेश असेल तर ‘अपील मंजूर, दोषसिद्धी व शिक्षा रद्द, निर्दोष मुक्तता’ एवढं लिहा. पुढे अपील क्रमांक आणि निकालाची तारीख टाका आणि सही-शिक्क्याची नक्कल जोडा. छायाप्रत बहुतेक ठिकाणी परत पाठवतात.