डावा हात, साडेसाठ फूट

वाचक विचारतात

गेल्या अंकात डावखुऱ्या बेसबॉल पिचरच्या (बॅटरकडे चेंडू फेकणाऱ्या खेळाडूच्या) कारकिर्दीवर लेख होता. त्यावर रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंतची पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

मुलगा पंधरा वर्षांचा, पक्का डावरा. कलमावर दगड मारला की देठच तोडतो. क्रिकेटमध्ये जलद गोलंदाजी करतो. शाळेतले सर म्हणतात, बेसबॉलमध्ये डावऱ्याला जास्त वाव आहे. हे खरं, की नुसती बोलायची गोष्ट? — एक पालक, राजापूर

खरं आहे. माणसांत दहांतला एक डावखुरा असतो, पण मेजर लीग या अमेरिकेतल्या सर्वांत वरच्या व्यावसायिक लीगच्या पिचरांत साधारण चारांतला एक. यामागे दोन कारणं आहेत. डावखुऱ्याला कॅचर, सेकंड बेस, थर्ड बेस, शॉर्टस्टॉप या जागा जवळपास बंदच असतात, कारण कॅचर सोडला तर बाकी जागांवरून चेंडू अडवून फर्स्ट बेसकडे फेकताना त्याला अख्खं अंग फिरवावं लागतं. मग उरतं आउटफिल्ड (मैदानाचा लांबचा भाग), फर्स्ट बेस आणि माउंड, म्हणजे पिचर उभा राहतो तो मातीचा उंचवटा. ज्याचा हात जोरकस, तो माउंडवर जातो. दुसरं कारण कोनाचं. डावखुऱ्या बॅटरला डावखुऱ्या पिचरचा चेंडू आपल्या खांद्यामागून आल्यासारखा दिसतो आणि स्लायडर (शेवटी आडवा वळणारा चेंडू) टाकला की तो त्याच्यापासून लांब पळतो. असा चेंडू त्याला रोज खेळायला मिळत नाही, त्यामुळे तो चाचपडतो.

पण हे अर्धंच चित्र झालं. बहुतेक बॅटर उजवे असतात आणि त्यांना डावखुऱ्याचा चेंडू छान दिसतो. म्हणून नुसत्या वेगावर डावऱ्याचं भागत नाही, त्याला चेंजअप, म्हणजे फसवा हळू चेंडू, हवाच. अंगठा आणि तर्जनीचं कडं चेंडूच्या बाजूला करायचं, चेंडू तळव्यात जरा खोल धरायचा आणि हात मात्र फास्टबॉलइतक्याच वेगाने फिरवायचा. चेंडू हळू निघतो आणि उजव्या बॅटरपासून बाहेर सरकतो. मुलं चेंजअप टाकताना हातच हळू करतात. बॅटरला ते लगेच कळतं.

देठ तोडणारा नेम असेल तर पाया चांगला आहे. नेम शिकवायला सर्वांत वेळ लागतो.

रिंकू सिंगसारखं आपल्याकडचा मुलगा तिथे जाऊ शकतो का? पैसे किती मिळतात? — एक वाचक, चिपळूण

हा रिंकू क्रिकेटपटू नव्हे, बेसबॉलपटू. उत्तर प्रदेशातला, डावखुरा, मुळात भालाफेक करणारा. 2008 मध्ये भारतात झालेल्या 'मिलियन डॉलर आर्म' स्पर्धेत तो ताशी 87 मैलांच्या फेकीने पहिला आला, 1 लाख डॉलर मिळाले आणि त्याच वर्षी पिट्सबर्ग पायरेट्सने त्याला आणि उजव्या हाताच्या दिनेश पटेलला करारबद्ध केलं. रिंकू खालच्या लीगमध्ये काही मोसम खेळला, मग कोपराने दगा दिला, शस्त्रक्रिया झाली. मेजर लीगपर्यंत तो पोचला नाही. पुढे तो व्यावसायिक कुस्तीत गेला.

शिडी अशी असते: रुकी, सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए आणि मग मेजर लीग. जुलैतला ड्राफ्ट, म्हणजे क्लबांनी आळीपाळीने करायची नव्या खेळाडूंची निवड, अमेरिका, कॅनडा आणि पोर्टो रिकोच्या मुलांसाठी असतो. बाकीच्या देशांतल्या मुलांशी क्लब थेट करार करतात, वय किमान 16. पैशाचं म्हणाल तर 2023 च्या करारात ट्रिपल-एच्या खेळाडूला वर्षाला किमान 35,800 डॉलर ठरले होते, रुकीला 19,800. मेजर लीगमध्ये 2025 चं किमान वेतन 7,60,000 डॉलर होतं. म्हणजे शेवटच्या पायरीवर पाय पडेपर्यंत पोटापुरतं, आणि पडला की एकदम वीसपटीहून जास्त. तिथेही 172 दिवस संघात राहिलं तर एक वर्ष धरतात आणि अशी सहा वर्षं भरल्यावर खेळाडू आपला संघ निवडायला मोकळा होतो. या शिडीच्या भरवशावर दहावीचा अभ्यास सोडू नये.

ग्लोव्ह ऑनलाइन मागवला, 'लेफ्ट' असं स्पष्ट लिहिलेलं होतं. आला तो डाव्या हातात घालायचा! शिवाय पावसाळ्यात चामड्याला बुरशी येते. — एक वाचक, वेंगुर्ले

ही चूक नेहमीची आहे. डावखुरा पिचर ग्लोव्ह उजव्या हातात घालतो, कारण डावा हात चेंडू फेकायला मोकळा हवा. लेबलवर 'लेफ्ट हँड थ्रो' असे शब्द आहेत का, ते पाहा. नुसतं 'लेफ्ट हँड' लिहिलं असेल तर विक्रेत्याला सरळ विचारा, 'अंगठा कुठल्या हाताचा?' पिचरसाठी साडेअकरा ते बारा इंची आणि बंद जाळीचा घ्या. जाळीतून बोटांची पकड दिसली की समोरच्याला पुढचा चेंडू कळतो.

बुरशीचं बोलायचं तर आपल्याकडे जून ते सप्टेंबर चामडं कपाटात टिकत नाही. प्लास्टिकच्या पिशवीत तर मुळीच ठेवू नका. उघड्या फळीवर, आत एक चेंडू आणि सिलिका जेलच्या दोन पुड्या घालून ठेवा. बुरशी आलीच तर घराबाहेर कोरड्या फडक्याने झाडा, सौम्य साबणाच्या किंचित ओल्या फडक्याने पुसा आणि सावलीत वाळवा. उन्हात किंवा चुलीजवळ ठेवलंत तर चामडं कडक होऊन दोऱ्यांच्या भोकांशी फाटतं. खोबरेल तेलाचा मोह आवरा. पहिले आठ दिवस ग्लोव्ह मऊ वाटतो, मग जड आणि ढिला होतो, आणि लाल धूळ त्याला चिकटून बसते.

घामाच्या हाताला राळेची पुरचुंडी, म्हणजे रोझिन बॅग, माउंडच्या मागे ठेवतात. ती फक्त हाताला लावायची, चेंडूला किंवा ग्लोव्हला नाही. ते नियमबाह्य आहे.

शाळेच्या मैदानावर माउंड बांधायचा आहे. मैदान जांभ्याचं. किती माती, कशी घालायची? — क्रीडाशिक्षक, गुहागर

मापं आधी. रबराच्या (पिचर पाय टेकवतो त्या पट्टीच्या) पुढच्या कडेपासून होम प्लेटच्या (बॅटरजवळच्या पाटीच्या) मागच्या टोकापर्यंत 60 फूट 6 इंच. माउंडचा गोल 18 फूट व्यासाचा, पण त्याचा मध्य होम प्लेटच्या टोकापासून 59 फुटांवर. म्हणजे रबर मध्यावर येत नाही, 18 इंच मागे बसतं. मध्यावर रबर ठोकून मोकळं होणं ही सर्रास होणारी चूक आहे. रबर 24 इंच लांब, 6 इंच रुंद आणि होम प्लेटच्या पातळीपासून 10 इंच उंच. ही उंची डोळ्यांनी ठरवू नका. गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी घ्या, एक टोक प्लेटशी, दुसरं रबराशी. रबराभोवती 5 फूट लांब, 34 इंच रुंद सपाट जागा ठेवा. रबराच्या पुढे 6 इंचांपासून उतार सुरू होतो, फुटाला 1 इंच.

मातीचा हिशेब: दाबून बसलेला ढिगारा साधारण 90 ते 95 घनफूट होतो. चोपल्यावर माती बसते, म्हणून सव्वा ब्रास मागवा. पूर्ण जांभ्याची माती चालत नाही, ती खडीसारखी सुटी होते. नुसती चिकणमाती सुकली की भेगाळते. भातखाचरातली चिकणमाती दोन भाग आणि चाळलेली तांबडी माती एक भाग असं मिश्रण करून पाहा. किनाऱ्यावरची वाळू घालू नका, ती खारी असते आणि माती नीट धरत नाही.

इंच-इंचाचा थर घाला, पाणी शिंपडा, मुरू द्या आणि चोपण्याने चोपा. पावसानंतर खळं करताना जे चोपणं वापरतात तेच इथे सर्वांत उत्तम. ढिगारा एकदम ओतून रोलर फिरवलात तर वरचा पापुद्रा तेवढा घट्ट होतो, आत पोकळ राहतं आणि पहिल्याच आठवड्यात खड्डा पडतो.

डावखुऱ्यासाठी एक गोष्ट मुद्दाम पाहा. पिचरचा पुढचा पाय रबरापासून पाच-सहा फुटांवर आदळतो. उजव्या हाताच्या मुलांचा डावा पाय एका जागी खड्डा पाडतो. डावऱ्याचा उजवा पाय नेमका त्या खड्ड्याच्या शेजारी किंवा कडेवर येतो आणि घोटा मुरगळतो. रोज सरावानंतर सुटी माती झाडून काढा, ओलं करा, नवी चिकणमाती भरून चोपा आणि वर ताडपत्री टाका. मिरग लागायच्या आत ताडपत्रीच्या कडा दगडांनी दाबल्या नाहीत, तर ऑक्टोबरात पुन्हा माती मागवावी लागेल.

फर्स्ट बेसवरचा रनर पकडताना पंच दरवेळी 'बॉक' (पिचरची नियमबाह्य हालचाल) देतात. नेमकं काय चुकतं? — कॉलेज खेळाडू, रत्नागिरी

डावखुऱ्या पिचरचं हे सर्वांत मोठं हत्यार. सेट होऊन उभा राहिला की त्याची छाती फर्स्ट बेसकडे असते, रनर थेट डोळ्यांसमोर. उजव्या पिचरला मात्र वळून पाहावं लागतं.

चूक बहुधा तीनपैकी एक असते. पहिली, उजवा पाय उचलल्यावर तो रबराच्या मागच्या कडेपलीकडे गेला. मग तुम्हाला होम प्लेटकडेच टाकावं लागतं (सेकंड बेसवरच्या रनरसाठी सूट आहे), फर्स्टकडे फेकलंत की बॉक. दुसरी, पाय बेसच्या दिशेने पडला नाही. पंच साधारण 45 अंशांची रेघ मनात धरतात, रबरापासून होम आणि फर्स्टच्या बरोबर मधोमध जाणारी. सरावात ती फक्कीने आखा. पाय रेघेच्या फर्स्टकडच्या बाजूला पडला तर ठीक. पुस्तकातला नियम 'थेट बेसकडे पाऊल' एवढाच म्हणतो, म्हणून कडक पंच असला तर आणखी फर्स्टकडे पाऊल टाका. तिसरी, रबरावर पाय असताना फर्स्टकडे नुसती हूल दिली. रबरावरून फर्स्टला हूल देता येत नाही, चेंडू सोडावाच लागतो. हूल द्यायचीच असेल तर आधी डावा पाय रबराच्या मागे काढा. बॉक झाला की सगळे रनर एकेक बेस पुढे जातात.

आणि नजर. बरेच डावरे फर्स्टकडे फेकताना फर्स्टकडे बघतात आणि होमकडे टाकताना होमकडे. रनर दुसऱ्या डावापर्यंत हे ओळखतो. पाय उचलताना कधी इकडे, कधी तिकडे बघा, फेक मात्र कुठेही जाऊ द्या. मेजर लीगमध्ये 2023 पासून एका बॅटरमागे दोनदाच रबर सोडता किंवा बेसकडे फेकता येतं. तिसऱ्यांदा रनर बाद झाला नाही तर बॉक धरतात. तुमच्या स्पर्धेत हा नियम आहे का, ते आधी विचारून घ्या.

मुलाचा कोपर आतल्या बाजूने दुखतो. तेल लावून चोळलं की बरं वाटतं. थांबवायचं का? — एक आई, मालवण

थांबवा, आजपासून, आणि अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. चोळून आणि वेदनाशामक देऊन खेळवू नका, कारण थांब म्हणून सांगायला दुखणं तेवढं एकच आहे. वाढत्या वयात कोपराच्या आतल्या हाडाची वाढीची कूर्चा अजून हाडात बदललेली नसते. फेकीच्या ओढीने आधी तीच सुटायला लागते. करंगळी आणि शेजारच्या बोटाला मुंग्या येत असतील तर तेही डॉक्टरांना सांगा.

दुखण्याचं पहिलं कारण फेकींची संख्या. अमेरिकेत ठरवलेली मर्यादा 15-16 वर्षांसाठी दिवसाला 95 फेकींची आहे. 31 ते 45 फेकी झाल्या तर एक दिवस विश्रांती, 46 ते 60 ला दोन, 61 ते 75 ला तीन, त्यापुढे चार. एक मुलगा वही घेऊन बसवा आणि रेघा मारायला सांगा. दुसरं कारण फेकण्याची ढब. पुढचा पाय जमिनीला लागायच्या आत खांदा उघडला, किंवा पाय पडताना कोपर खांद्याच्या रेषेखाली राहिला, तर सगळा ताण कोपराच्या आतल्या अस्थिबंधावर येतो.

तो अस्थिबंध तुटला तर त्याच्या शस्त्रक्रियेला नाव आहे एका डावखुऱ्याचंच. टॉमी जॉन, लॉस एंजेलिस डॉजर्सचा पिचर. 25 सप्टेंबर 1974 रोजी डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्या उजव्या हातातला कंडरा काढून डाव्या कोपरात बसवला. अंगठा आणि करंगळी टेकवून मनगट जरा आत वाकवा: मनगटाच्या मध्यावर जी दोरी उठून दिसते तोच तो कंडरा. काही जणांच्या हातात तो नसतोच, आणि नसल्याने काही अडतही नाही. 1975 चा पूर्ण मोसम जॉन बाहेर होता. आधी त्याचे 124 विजय होते, परतल्यावर त्याने आणखी 164 मिळवले आणि 1989 पर्यंत खेळला. जेमी मॉयर हाही डावखुरा. त्याच्यावर ही शस्त्रक्रिया वयाच्या 48 व्या वर्षी झाली, आणि 2012 मध्ये 49 व्या वर्षी तो मेजर लीगमध्ये सामना जिंकणारा सर्वांत वयस्क पिचर ठरला. त्याचा फास्टबॉल जेमतेम 80 मैलांच्या आसपास, बाकी सगळं चेंजअप आणि अचूकपणा.

पण ही उदाहरणं प्रौढांची. शस्त्रक्रियेनंतर पिचरला परतायला वर्ष-दीड वर्ष लागतं आणि सगळेच परतत नाहीत. सँडी कूफॅक्स हा डावखुरा 1966 चा मोसम संपल्यावर, कारकिर्दीच्या ऐन भरात, वयाच्या 30 व्या वर्षी कोपराच्या संधिवातामुळे थांबला.

मे महिन्यात गावोगावी टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धा असतात. सोबत पिचिंगचा सराव चालेल? — एक वाचक, दापोली

एकाच दिवशी नको. क्रिकेटमध्ये गोलंदाजी करताना कोपर 15 अंशांपेक्षा जास्त सरळ होऊ द्यायचा नाही, बेसबॉलमध्ये तो वाकवून झटक्याने सोडायचा असतो. दोन्ही सवयी एकमेकींत मिसळल्या की क्रिकेटचा पंच नोबॉल देतो आणि इकडे चेंडू उंच जातो. टेनिस बॉल हलका असल्याने मुलं सीमारेषेवरून पूर्ण ताकदीने फेकतात आणि हात सैल सुटून खांद्याला हिसका बसतो. त्या फेकीही वहीत मोजा. आठवड्यात दोन दिवस क्रिकेट, दोन दिवस माउंड, बाकी दिवशी हात मोकळा. स्पर्धेची फायनल असेल त्या आठवड्यात माउंडवर चढूच नका.