वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी पहिली स्प्रिंट ट्रायथलॉन: सर्वांत अवघड काय?

आपले वय ४२ आहे, तरणतलावात आपण नियमित पोहता, सायकल अधूनमधून चालवता. अशा स्थितीत तीन महिन्यांच्या तयारीवर स्प्रिंट ट्रायथलॉन पूर्ण होईल का आणि तीत सर्वांत अवघड भाग कोणता, असे आपण विचारले आहे. पूर्ण होईल, असे मला वाटते. अवघड भाग म्हणाल तर पाण्यातले पहिले दीडशे मीटर. दोन वर्षांपूर्वी, वयाच्या ४४ व्या वर्षी, मी कोल्हापूरच्या राजाराम तलावात अशा स्पर्धेसाठी उतरलो, तेव्हा माझी स्पर्धा तेथेच संपता संपता राहिली.

स्प्रिंट प्रकारात ७५० मीटर पोहणे, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर धावणे असते. २००० साली सिडनीत ट्रायथलॉन प्रथम ऑलिंपिकमध्ये आली, ती याच्या नेमकी दुप्पट अंतराची. हे आकडे पाहिले की आपल्या वयाचा माणूस लगेच हिशेब मांडतो, तसा मीही मांडला होता. आमचा तरणतलाव २५ मीटरचा, म्हणजे ७५० मीटरला तीस फेऱ्या; मी तर चाळीस मारत असे. या हिशेबात एक गोष्ट सुटली होती. तरणतलावात दर २५ मीटरला भिंत येते, तिला पाय लावून ढकलले की तीनचार मीटर आयते मिळतात आणि तेवढ्यात श्वासही जागेवर येतो. उघड्या पाण्यात भिंत नसते, तळाशी काळी रेघ नसते आणि दोन हातांपलीकडे काही दिसतही नाही. शिवाय आपण सरळ रेषेत पोहत आहोत ही समजूत दर वेळी डोके वर काढून तपासावी लागते. मी ती पहिल्यांदा तपासली, तेव्हा वळणाची खूण म्हणून ठेवलेला नारिंगी बोया, म्हणजे तरंगता फुगा, माझ्या समोर नसून पार डावीकडे होता.

सुरुवातीची शिट्टी झाल्यावर इतरांबरोबर मीही जोरात सुटलो. पहिल्या शंभर मीटरांत कोणाची तरी टाच गॉगलवर बसली, डाव्या डोळ्यात पाणी गेले आणि श्वासाची लय तुटली. माझ्यासारखा हौशी पोहणारा घाबरला की तोंड पाण्यात असताना श्वास सोडायचे विसरतो. मग मान वळवल्यावर त्या अर्ध्या क्षणात सोडणे आणि घेणे दोन्ही उरकावे लागते, आतला कार्बन डायऑक्साइड साठत जातो आणि छाती भरलेली असूनही गुदमरल्यासारखे होते. पाय टेकावे म्हटले तर तळ नाही. मी चाळीस फेऱ्या मारणारा गृहस्थ कुत्र्यासारखे हातपाय मारू लागलो, हे लिहायला आजही संकोच वाटतो.

जवळच कयाकमध्ये, म्हणजे छोट्या होडीत, एक जीवरक्षक होता. त्याने वल्ह्याचे टोक माझ्याकडे केले आणि शांतपणे म्हणाला, “पाव्हणं, उताणं पडा की जरा. तळं कुठं पळून जातंय?” मी कयाकला धरून मिनिटभर थांबलो. नियमाने यात काही गैर नाही, फक्त त्या आधाराने पुढे सरकता येत नाही. पोहण्याच्या प्रकाराचेही बंधन नसते. त्यानंतर मी पन्नासेक मीटर उताणा, मग बराच वेळ ब्रेस्टस्ट्रोक आणि शेवटी थोडे फ्रीस्टाइल असे करत २७ मिनिटांनी काठाला लागलो. माझ्या गटातील टोप्यांपैकी माझ्यामागे दोनच उरल्या होत्या.

हा प्रसंग मी विस्ताराने सांगितला त्यामागे कारण आहे. अमेरिकेतील ट्रायथलॉन स्पर्धांमध्ये १९८५ ते २०१६ या काळात झालेले मृत्यू आणि हृदयक्रिया बंद पडण्याच्या घटना मिळून १३५ प्रकरणांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला; त्यांतील ९० घटना पोहण्याच्या टप्प्यात घडल्या होत्या आणि त्यांत मध्यमवयीन पुरुषांचे प्रमाण मोठे होते. तेव्हा नाव नोंदवण्याआधी डॉक्टरांकडून हृदयाची तपासणी करून घ्यावी, आणि उघड्या पाण्यात सराव कधीही एकट्याने करू नये. पोहणे आज सर्वांत आधी ठेवतात, हे मला या अनुभवानंतर विशेष पटले. सॅन डिएगोच्या मिशन बे येथे १९७४ साली झालेल्या पहिल्या स्पर्धेत धावणे आधी आणि पोहणे शेवटी होते. थकलेल्या पायांनी पाण्यात उतरण्याची कल्पनाही मला करवत नाही.

पाण्यातून बाहेर पडल्यावर उभे राहताना भोवळ येते. इतका वेळ आडवे असलेले शरीर एकदम उभे होते आणि रक्त पायांकडे उतरते, म्हणून चार पावले चालतच जावीत. सायकलपाशी ओल्या पायांवर मोजे चढवण्यात माझी इतकी तारांबळ उडाली की पोहण्यापासून सायकलीपर्यंतच्या त्या बदलात ६ मिनिटे गेली. शेजारच्या मुलाने मोज्यात घरूनच पावडर टाकून आणली होती. हेल्मेटचा पट्टा मात्र सायकलला हात लावण्याआधी लागलेला असावा लागतो, आणि सायकल पुन्हा मांडणीवर ठेवल्याशिवाय तो सोडता येत नाही.

सायकलबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. रस्ता चढउताराचा होता, माझी सायकल साधी गिअरची होती आणि ५४ मिनिटे लागली. चूक एवढीच झाली की पाण्यात गेलेला वेळ भरून काढण्याच्या ईर्ष्येने मी जड गिअरवर मांड्या पिळून काढल्या. त्याची वसुली धावताना झाली. सायकलवरून उतरल्यावर पाय आपले राहत नाहीत. डोके त्यांना पळायला सांगते आणि ते अजून पेडलच मारत असतात. दुसऱ्या किलोमीटरला उजव्या पोटरीत गोळा आला. तेव्हापासून दोनशे पावले धावणे आणि शंभर पावले चालणे, अशी मोजदाद करत ५ किलोमीटर ४१ मिनिटांत संपवले. सायकल ठेवून बूट घट्ट करण्याची ३ मिनिटे धरून एकूण २ तास ११ मिनिटे झाली. मी पोहोचलो तेव्हा पहिले आलेले लोक पोहे खाऊन निघाले होते.

आता आपल्या तीन महिन्यांविषयी. आपल्याला पोहता येते, म्हणून पोहण्याची चिंता नाही असे आपण मानले असेल, तर मीही तेच मानले होते. पहिल्याच महिन्यात एखाद्या जाणत्या गटाबरोबर तलावावर जायला सुरुवात करा आणि तेथे वेगाच्या मागे न लागता पाण्यात तोंड असताना बुडबुडे सोडत राहण्याची, दर सहा-आठ हातांनी मगरीसारखे फक्त डोळे वर काढून खूण पाहण्याची, आणि दम लागल्यास उताणे पडून राहण्याची सवय करा. तरणतलावात असाल तेव्हा भिंतीला पाय न लावता एक मीटर आधीच वळा. चाळीस फेऱ्यांचा माज पहिल्याच दिवशी उतरतो. आठवड्यातून एकदा तासभर सायकल चालवून लगेच दहा मिनिटे धावा, म्हणजे पायांचे ते परकेपण निदान ओळखीचे होईल. बाकी व्यायाम आपण आजवर करत आला आहात तेवढा पुरेसा आहे. गोव्याच्या अर्ध-आयर्नमॅनचा, म्हणजे आयर्नमॅन या लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनच्या निम्म्या अंतराच्या स्पर्धेचा, विचार मनात असल्यास तो तूर्त दूर ठेवा. तेथे नुसते पोहणेच १.९ किलोमीटर आहे आणि तेही समुद्रात.

स्पर्धेच्या दिवशी मध्यभागी उभे राहू नका. कडेला, सर्वांत मागे थांबा आणि शिट्टी झाल्यावर मनात वीस आकडे मोजून मग उतरा. मागच्या वर्षी मी तसेच केले, गॉगलचा पट्टा टोपीच्या वर न ठेवता आत घेतला, आणि ७५० मीटर २१ मिनिटांत झाले. कयाकमध्ये तोच जीवरक्षक होता, पण त्याने मला ओळखले नाही.