पाव: पायाचा, पावशेराचा की पोर्तुगीजांचा?

प्रश्न असा आहे: ‘वडापाव’मधला पाव हा शब्द आला कुठून? एक मित्र म्हणतो, पीठ पायाने तुडवायचे म्हणून पाव. दुसरा म्हणतो, लादीचे चार भाग पडतात, त्यातला एक तो पाव. खरं काय?

दोघांनी आपापल्या वडापावचे पैसे आपणच द्यावेत. पैज कुणीच जिंकलेली नाही.

पायाची गोष्ट मराठीत जन्मलेलीच नसणार. हिंदीत पायाला ‘पाँव’ म्हणतात, तिथे ती कोटी जमते. मराठीत पाय तो पायच. तुडवण्यावरून आपण नाव ठेवलं असतं तर आज गाडीवर ‘वडापाय’ मागावा लागला असता.

चौथ्या हिश्शाची गोष्ट जरा बरी वाटते, कारण तो पाव रोज आपल्या तोंडी असतो: पाव किलो, पावशेर. तो संस्कृत ‘पाद’चा. पाद म्हणजे पाय. जनावराला पाय चार, म्हणून पाद म्हणजे चौथा हिस्साही. सव्वा हा मुळात ‘सपाद’ आणि पाऊण हा ‘पादोन’, म्हणजे पाव कमी. थोडक्यात, दोघा मित्रांचे पाव एकाच ‘पादा’पाशी पोचतात आणि खायचा पाव नेमका त्या घरचा नाही. शिवाय लादी मोजायला काय हरकत होती? आमच्या लालबागच्या बेकरीत ती सहाची असते. संध्याकाळी गरम लादी आली की बेकरीवाला ती दोन्ही हातांनी मधोमध तोडतो. तुटलेल्या बाजूला कवच नसतं, नुसता कापसासारखा पांढरा गाभा. तीन पाव कागदात गुंडाळून देतो, ती ‘अर्धी लादी’. ‘पाव लादी’ मागून बघा, तो तोंडाकडे बघत राहील.

खायचा पाव पोर्तुगीज. त्यांचा शब्द देवनागरीत ‘पांव’ असा काहीसा लिहावा लागेल, शेवट नाकातून. मूळ लॅटिन ‘पानिस’. मराठीत नाकातला सूर गेला, ‘आव’ राहिला. हे एकाच शब्दापुरतं नाही. त्यांचा ‘लेइलांव’ आपल्याकडे ‘लिलाव’ झाला, त्याच वाटेने. लिंगही पाहा: भाकरी, पोळी, चपाती, रोटी सगळ्या ‘ती’, पाव मात्र ‘तो’. पोर्तुगीजमध्येही तो पुल्लिंगीच.

वसई आणि मुंबईची बेटं १५३४ मध्ये गुजरातच्या सुलतानाकडून पोर्तुगीजांना मिळाली. मुंबई पोर्तुगीज राजकन्या आणि इंग्लंडचा राजा यांच्या लग्नाच्या १६६१च्या तहात इंग्रजांना आंदण गेली. वसई चिमाजीअप्पांनी घेतली ती १७३९ मध्ये. दोनशे वर्षांचा शेजार म्हटल्यावर चावी, पगार, घमेलं, फीत, बटाटा हे सगळं मागे राहायचंच. भातखाऊ किनाऱ्यावर पाव मात्र लगेच घरचा झाला नाही. गोव्यात पीठ फुगवायला माडाची सूर (म्हणजे माडी) घालत, तेव्हा सोवळ्यातल्या घरांचं नाक मुरडणं समजू शकतं. विहिरीत पाव टाकून गाव बाटवल्याच्या गोष्टी तर आजीच्या तोंडूनही ऐकल्या आहेत. गोव्यात पाव भाजणारा अजून ‘पदेर’, हाही पोर्तुगीजच. मुंबईत तो ‘बेकरीवाला’. म्हणजे माल पोर्तुगीज, दुकान इंग्रज!

वडापावकडे या नजरेने पाहिलं तर पाव पोर्तुगीज, आतला बटाटाही त्यांच्याच हातून आलेला (हिंदी ‘आलू’ म्हणते, आपण आणि गुजराती त्यांचा शब्द धरून बसलो). मिरचीही त्याच जहाजांतून आली, पण तिला आपण मिऱ्याच्या जुन्या ‘मरीच’वरून देशी नाव देऊन टाकलं. उरला वडा. तो ‘वटक’, अस्सल संस्कृत.

जाता जाता ‘पावरोटी’. काहींना हा शब्द चुकीचा वाटतो, कारण अर्थाने तो ‘रोटी-रोटी’च. मला नाही वाटत. परका शब्द आला की त्याच्या शेजारी ओळखीचा उभा करायचा, ही आपल्याकडची जुनी रीत. फारसी ‘बाजार’ला ‘हाट’ जोडून बाजारहाट केला, ‘कागद’ला ‘पत्र’ जोडून कागदपत्र. पावरोटी त्याच रांगेतली.