जुन्या महिंद्रा पिकअपचा एक हेडलाईट पिवळट आणि इंडिकेटर दिला की पार्किंगही लुकलुकतं. सगळं वायरिंग नव्याने करावं का?

लगेच सगळं उपसू नका. एकाच बाजूचा हेडलाईट मंद आणि इंडिकेटरबरोबर त्याच बाजूचं पार्किंग लुकलुकणं, ही बहुतेक वेळा अर्थची, म्हणजे करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जाण्याच्या वाटेची तक्रार असते. या गाड्यांत करंट परत जातो तो बॉडीतून. स्क्रूखाली गंज आणि रंगाचे थर बसले की ती वाट बंद होते, मग करंट शेजारच्या फिलामेंटमधून वाट काढतो.

खात्री करायला मल्टीमीटर घ्या. हेडलाईट चालू ठेवून एक टोक दिव्याच्या अर्थ पिनला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला लावा. ०.२ व्होल्टच्या वर आकडा गेला तर अर्थ खराब. मग बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून दिव्याच्या पिनपर्यंत तसंच मोजा. इथे अर्ध्या व्होल्टच्या आत हवं. बल्बला दहा टक्के व्होल्टेज कमी मिळालं की उजेड तीस टक्क्यांच्या आसपास घटतो, म्हणून हे अर्धे-पाव व्होल्ट महत्त्वाचे.

अर्थसाठी दोन्ही दिव्यांपासून वेगळी काळी वायर काढून चासीला लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) लावून आवळा. लगखालचा रंग पॉलिश पेपरने चकचकीत धातू दिसेपर्यंत खरवडा, नट आवळल्यावर वर ग्रीस लावा. पार्किंगच्या होल्डरलाही तीच अर्थ द्या. बऱ्याच गाड्या एवढ्यावरच सुधारतात.

एवढ्यानेही उजेड मंदच राहिला तर घोळ पॉझिटिव्ह बाजूला असतो. दोन ६० वॅटचे बल्ब १२ व्होल्टवर १० अँपियर ओढतात आणि जुन्या गाडीत तो सगळा करंट डॅशबोर्डचा स्विच आणि डिमरमधून (अपर-डिपर बदलणाऱ्या स्विचमधून) फिरून येतो. त्यावर उपाय रिले, म्हणजे थोड्या करंटवर चालून मोठा करंट जोडणारा स्विच, एक अपरला आणि एक डिपरला. रिलेच्या पिनांवर नंबर असतात: डिमरकडून आलेली जुनी वायर ८६ ला, ८५ अर्थला, बॅटरीपासून फ्यूजमार्गे ३० ला, आणि ८७ पासून दिव्याला २.५ स्क्वेअर एमएमची वायर. स्विचला आता फक्त रिलेची कॉइल चालवायची असते, पाव अँपियरही लागत नाही. १५ अँपियरचा फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ बसवा. लांब बसवलात तर मधल्या वायरला फ्यूजचं संरक्षण राहत नाही.

त्याआधी बल्बवर ६ व्होल्ट लिहिलंय की १२ ते बघा. विलीज (मूळची अमेरिकन जीप) काळातल्या गाड्या मुळात ६ व्होल्टच्या होत्या. तुमची तशीच असेल तर त्याच वॅटला करंट दुप्पट होतो, वायर आणि फ्यूज त्या हिशेबाने जाड लागतात आणि रिलेही ६ व्होल्टचाच घ्यावा लागतो.

जुनी वायर बोटावर वाकवून बघा. इन्सुलेशन कडकड तुटलं किंवा सोललेलं तांबं काळं निघालं तर ती लाईन पूर्ण बदला, मध्ये जोड देऊन टेप गुंडाळू नका. रंगांवर भरवसा ठेवू नका. इतक्या वर्षांत कोणी काय जोडलंय सांगता येत नाही. टेस्ट लॅम्पने प्रत्येक वायर ओळखून चिठ्ठी लावा.

९०/१०० वॅटचे बल्ब कोणी सुचवले तर नको म्हणा. होल्डर वितळतात. जुन्या काचेत एलईडीही टाकू नका, उजेड विस्कटतो आणि समोरच्याच्या डोळ्यांवर जातो.

पार्किंगला वेगळा ५ अँपियरचा फ्यूज द्या. रात्री घाटात हेडलाईटचा फ्यूज उडाला तरी मागचा ट्रकवाला तुम्हाला बघू शकेल.