टाकी फूटभर, मासे तेरा

प्रश्न : मुलाच्या हट्टापायी दिवाळीत मासे आणले. टाकी दीड फूट लांब, दहा इंच रुंद, फूटभर उंच. दुकानदाराने चार गोल्डफिश, सहा गप्पी, दोन एंजल आणि ‘काच साफ ठेवतो’ म्हणून एक सकर दिला. महिन्याभरात दोन गोल्डफिश गेले. पाणी सारखं पांढुरकं होतं, म्हणून दर रविवारी सगळं उपसून फिल्टरसकट नळाखाली धुते. एवढ्या टाकीत नेमके किती मासे ठेवावेत?
– एक वाचक, अकोला

उत्तर : ताई, दुकानदाराला मी फार बोल लावत नाही. काही काळ मीही त्या गल्ल्यावर बसलोय. रिकामी टाकी बघून गिऱ्हाईकाचं मन भरत नाही, आणि पोरगं काचेला नाक लावून ‘अजून एक’ करत असतं. पण तेरा म्हणजे कहरच.

टाकी सेंटिमीटरमध्ये मोजा : 45 गुणिले 25 गुणिले 30, भागिले हजार. 33 लिटरच्या थोडं वर येतं. वरची दोन बोटं मोकळी जागा आणि तळाची खडी वजा केली की खरं पाणी 28 लिटरच्या आसपास. ‘चार लिटरला एक इंच मासा’ हा दुकानातला हिशेब गप्पीसारख्या शेलाट्या माशांपुरता ठीक आहे, तोही पूर्ण वाढलेली लांबी धरून. गोल्डफिशला लावलात की फसलात. मासा लांबीला दुप्पट झाला की वजनाला साधारण आठपट होतो, आणि घाणही त्याच मानाने वाढते. साधा गोल्डफिश नीट वाढला तर आठ इंचांच्या पुढे जातो. मग दहा इंच रुंदीच्या टाकीत तो वळणार कसा?

मासे मेले ते बहुधा अमोनियाने. मासा तो कल्ल्यांतून सतत सोडत असतो, उरलेलं खाणं कुजून भर घालतं, आणि पाणी काचेसारखं स्वच्छ दिसत असलं तरी तो त्यात असू शकतो. त्याचा निकाल लावणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात आणि खडीत राहतात. त्यांचा जम बसायला महिना-दीड महिना लागतो. तुमची रविवारची धुणी, वर नळाच्या पाण्यातलं क्लोरीन, म्हणजे दर आठवड्याला त्यांचं घर मोडणं. यापुढे आठवड्याला फक्त पाव पाणी बदला, आणि स्पंज त्या काढलेल्या पाण्यातच दोनदा पिळा. नवं पाणी घालण्याआधी क्लोरीन काढायचे थेंब टाका.

आता आकडा. तुमच्या टाकीत सहा गप्पी, सगळे नर. बस्स. मादी ठेवलीत तर महिन्याला वीस-तीस पिल्लं, आणि एकदा संग झाला की नर नसतानाही ती पुढचे काही महिने वीत राहते. ओळखायला सोपं : नर बारीक, रंगीत, शेपटी पंख्यासारखी, पोटाखालचा मागचा पर काडीसारखा. मादी थोराड, फिकी, शेपटीच्या अलीकडे पोटाशी काळसर डाग. गप्पी नको असतील तर एकटा फायटर ठेवा, सोबतीला गोगलगाय. गप्पी आणि फायटर एकत्र नकोत. गप्पीच्या झुपकेदार शेपट्या बघून फायटर पिसाळतो.

एंजल आणि उरलेले गोल्डफिश मोठी टाकी असलेल्या कुणाला देऊन टाका. एंजलला मुळात उंच टाकी लागते, आणि मोठा झाल्यावर तो बारीक मासे गिळतो. सकर तर दोन इंचांचा मिळतो आणि फूटभर होतो. दुकानदार परत घ्यायला कां-कू करेल, तरी पिच्छा सोडू नका. कंटाळून विहिरीत-तलावात मात्र सोडू नका. उजनीच्या जलाशयात हाच मासा कोळ्यांच्या जाळ्यात येतो आणि त्याला गिऱ्हाईक नसतं.

तुमच्या अकोल्याचा उन्हाळाही हिशेबात धरा. 20 अंशांना लिटरभर पाण्यात साधारण 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांना साडेसात. मे महिन्यात आणखी कमी, त्यात दुपारी लाइट गेली की पंपही बंद. हिवाळ्यात सुखाने राहणारे मासे तेव्हा वर येऊन तोंड उघडझाप करतात. बॅटरीवर चालणारा एअर पंप घेऊन ठेवा. तो नसेल तर मगने पाणी काढून वितीभर उंचीवरून हळूहळू परत सोडत राहा, आणि त्या दिवशी खाणं घालू नका, मुलगा कितीही रुसला तरी.