ताईंना विचारा : स्टँडवरची बाई बिस्किटं फेकून देते

प्रश्न : मी शिक्षिका आहे, रोज एसटीनं ये-जा करते. आमच्या स्टँडवर दोन महिन्यांपासून एक बाई बसलेली असते. केसांच्या जटा, अंगाला वास, जवळ तीन-चार पिशव्या. बिस्किटं दिली तर भिरकावली. पोलिसांना सांगितलं, तर म्हणाले, “मॅडम, कशाला नसत्या भानगडीत पडता?” तिला आंघोळ घालून एखाद्या आश्रमात सोडावं असं वाटतं.
– एक वाचक, पश्चिम महाराष्ट्र

उत्तर : आंघोळीची घाई करू नका. पंचवीस वर्षांपूर्वी ती मी केली होती, म्हणून सांगते. चौघींनी मिळून एका बाईला रिक्षात घातली, जटा कापल्या, न्हाऊ घातलं, नवा गाऊन चढवला. पहाटे बाई पसार. आठवड्यानं एका पुलाखाली सापडली, तेव्हा हातापायांना चिखल फासून बसली होती. म्हणाली, “स्वच्छ दिसलं की माणसं जवळ येतात.” माणसं म्हणजे कोण, ते कळलं असेल तुम्हाला. तिच्या दाराची कडी आम्हीच काढून टाकली होती.

बिस्किटांचंही तसंच. कुणी काय घालून दिलं असेल, याचा अनुभव तिला असू शकतो. तिच्यासमोर पुडा फोडा, एक तुम्ही खा, उरलेला बाकावर ठेवा आणि आपली गाडी धरा. तिचं नाव विचारण्याआधी तुमचं सांगा. बहुतेक दिवसा झोपत असेल, कारण रात्री जागं राहावं लागतं. पाणीही कमी पीत असेल, रात्री संडासाला जायची सोय नसते म्हणून. तेव्हा पाण्याची बाटली देताना जवळचा संडास रात्री उघडा असतो का, हेही बघा. मात्र जखम असेल, ताप असेल, पोट दिसत असेल किंवा रात्री टोळकं घुटमळत असेल, तर ओळख वाढण्याची वाट बघू नका.

आता ‘भानगडी’चं. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017, कलम 100 असं कागदावर लिहून पर्समध्ये ठेवा. मानसिक आजार असावा असं वाटणारी आणि स्वतःची काळजी घेऊ न शकणारी व्यक्ती हद्दीत फिरताना आढळली, तर तिला संरक्षणात घेणं हे पोलीस ठाण्याच्या प्रमुखाचं कर्तव्य आहे. चोवीस तासांच्या आत तिला जवळच्या सरकारी दवाखान्यात तपासणीला न्यायचं आणि कोठडीत मुळीच ठेवायचं नाही. ती बेघर असेल तर हरवल्याची नोंद करून घरच्यांचा शोध घेणं हेही त्यांचंच काम. तोंडी सांगू नका. अर्ज दोन प्रतींत द्या, एकीवर शिक्क्यानिशी पोच घ्या. शिक्का मारताना आवाज बदलतो, हे मी अनेकदा ऐकलंय.

आणि तिचं बोलणं कान देऊन ऐका. आमच्या निवाऱ्यात एक जण तीन महिने गप्प होती. एक दिवस अंबाडीची जुडी निवडायला दिली, तर पानं हुंगून म्हणाली, “गोंगुरा.” म्हणजे तेलुगू! तिथून धागा लागला, गाव सापडलं, भाऊ आला. खूप रडला आणि एकटाच परत गेला. वडिलांच्या जमिनीत तिचा हिस्सा होता, तिच्या बरोबर तोही घरी आला असता. ती अजून आमच्याकडेच आहे, अंबाडीची भाजी मात्र कुणाला करू देत नाही.

प्रश्न : दिवाळीआधी बेघर बायकांना जुन्या साड्या द्याव्यात असं आमच्या भिशी मंडळानं ठरवलं आहे. चालेल का?
– एक गृहिणी, नाशिक

उत्तर : साड्या पुरे झाल्या, आमच्याकडे त्यांचे ढीग आहेत. फुटपाथवर झोपणारीला साडी वाळत घालायला दोरी कुठून मिळणार? त्याऐवजी आतून खिसा शिवलेले परकर द्या. चेनचा खिसा असेल तर उत्तमच, पैसे आणि कागद अंगावर राहतात. निकर नव्या द्या, वापरलेल्या नकोत. मागं पट्टा असलेल्या चपला द्या, पळावं लागलं तर पायातून निसटत नाहीत. फोटो काढणार असाल, तर भिशीचे काढा.

प्रश्न : या बायकांना फुकट पोसायचं, हे सगळं बाहेरून आलेलं स्त्रीवादाचं खूळ आहे. आपल्याकडे कुटुंबव्यवस्था होती.
– एक ज्येष्ठ नागरिक, पुणे

उत्तर : काका, तुमच्याच गावातलं सांगते. 1863 साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, कारण याच कुटुंबव्यवस्थेत विधवेला दिवस गेले की विहीर तरी जवळ करावी लागे, नाहीतर मूल तरी मारावं लागे. पंडिता रमाबाईंनी 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन सुरू केलं, पुढच्याच वर्षी ते पुण्यात आणलं. दुष्काळात आई-बाप गमावलेल्या रमाबाई स्वतः भावाबरोबर देशभर पायी हिंडल्या होत्या. 1896–97च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली-बायकांना आणून त्यांनी केडगावला वसवलं, तिथं विणकाम होतं, छापखाना होता. ‘फुकट’ यात काय होतं, ते तुम्हीच शोधा. रमाबाईंच्या धर्मांतरावरून पुण्यात काय वादळ उठलं, तेही वाचा. वाद घालणारे पुष्कळ होते, अंथरूण घालणारे कमी. शारदा सदनातली एक विधवा विद्यार्थिनी म्हणजे 1893 साली धोंडो केशव कर्व्यांशी विवाह केलेल्या आनंदीबाई, आपल्या बाया कर्वे.

प्रश्न : वय 41. नवऱ्यानं रात्री अकराला घराबाहेर काढलं, मुलगा आत राहिला. आता बहिणीकडे आहे, भाऊजी कुरकुर करतात. फ्लॅट सासूबाईंच्या नावावर आहे, म्हणून वकील म्हणतात, काही होणार नाही. एखादा आश्रम सुचवा.
– नाव छापू नये

उत्तर : आश्रम मी सुचवू शकते, पण आज नाही सुचवणार. मला भेटणाऱ्या किती तरी जणी तुमच्याच वाटेनं रस्त्यावर आल्या : आधी बहीण, मग मैत्रीण, मग देवळाची ओसरी.

2005च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात, घर नावावर नसलं तरी सामायिक घरात राहण्याचा हक्क बाईला आहे. ते घर नवऱ्याचंच असावं लागतं असं पूर्वी मानत. सासू-सासऱ्यांचं घरही सामायिक घर ठरू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर 2020 मध्ये सतीश आहुजा खटल्यात सांगितलं. वकिलांना हा निकाल वाचायला सांगा, नाहीतर वकील बदला. घरात परत जाण्याची भीती वाटत असेल तर न्यायालय दुसरी जागा किंवा तिचं भाडं द्यायला लावू शकतं. सासूबाईंना बाहेर काढा असा आदेश मात्र मागू नका. या कायद्यात बाईला घराबाहेर काढता येत नाही आणि ते मला मान्य आहे, म्हातारीनं कुठं जायचं?

तोवर भाऊजींचं तोंड अगदीच सुटलं, तर 181 ही महिला हेल्पलाइन फिरवा. सखी वन स्टॉप सेंटर या सरकारी मदत केंद्रात थोडे दिवस राहता येतं, वकील आणि समुपदेशकही तिथंच भेटतात. कुणी हक्कसोडपत्र किंवा ‘स्वखुशीनं घर सोडत आहे’ असा कागद पुढं केला, तर सही करू नका, माहेरच्यांनी केला तरी.

सोमवारी महिला व बालविकास कार्यालयात जाऊन संरक्षण अधिकाऱ्यांना भेटा, घटनेचा अहवाल भरून घ्या. मुलाचं नाव, शाळा आणि तो आत राहिला हे त्यात नीट लिहा, त्याचा तात्पुरता ताबाही याच कायद्याखाली न्यायालयाकडे मागता येतो. त्या घरात राहत होता याचा पुरावा लागेल; रेशनकार्डाची झेरॉक्स हाती नसेल, तर मुलाच्या शाळेत जा. प्रवेश अर्जावर तुमचं नाव आणि त्या फ्लॅटचा पत्ता असेल. ती प्रत मागा, आणि मधल्या सुट्टीची वेळ धरून जा.