पहिली-दुसरीच्या मुलांना गणित खेळत कसं शिकवावं? शाळा सोलापुरात आहे, साहित्याला फारसा खर्च नको.

सोलापुरात आहात तर चादरीपासूनच सुरुवात करा. एखाद्याला घरून चादर आणायला सांगा, जमिनीवर अंथरा आणि मुलांना भोवती बसवा. कोणता आकार परत परत येतो, दोन फुलांच्या मध्ये किती चौकोन, ते बोट ठेवून शोधू द्या. मग जुन्या रंगीत कागदाच्या पट्ट्या कापून विणायला द्या: उभ्या पट्ट्या म्हणजे मागावरचा ‘ताणा’ (उभे धागे), आडव्या म्हणजे ‘बाणा’ (आडवे धागे). एक वर, एक खाली. दुसरी ओळ उलटी सुरू करायची, नाहीतर पट्ट्या सुटतात. हे पोरांना स्वतःच कळू द्या, आधी सांगू नका. पुढे दोन वर, एक खाली असं करून बघा. आकृतिबंधाचा धडा इथेच झाला.

दुसरा तास शेंगांचा. मूठभर शेंगा, आधी अंदाज, मग मोजणी. फोडून एकदाणी, दोनदाणी, तीनदाणी असे ढीग लावा, दाण्यांचे दहा-दहाचे गट करा. कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर चिंचोके घ्या. आणि खायची परवानगी मोजून झाल्यावरच, नाहीतर वजाबाकी आधी होईल!

वर्कशीट नंतर द्या, एखादंच पुरे.